वाचक विचारतात : गेमचा एडिटर बनवायचाय, सुरुवात कुठून करू?

या महिन्यात एकाच गेमबद्दल तीन पत्रं आली, त्यामुळं बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, रागावू नका. ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फ्रीओरायन हा अंतराळातला, टर्नवर चालणारा स्ट्रॅटेजी गेम आहे. १९९३ सालच्या मास्टर ऑफ ओरायन या गेमवरून प्रेरणा घेऊन जगभरातल्या स्वयंसेवकांनी तो बनवला, फुकट आहे, ओपन सोर्स आहे. एक ग्रह आणि मोजकी जहाजं हातात घेऊन सुरुवात करायची, आजूबाजूचे तारे शोधायचे, वसाहती करायच्या, संशोधन करून नवी तंत्रज्ञानं, म्हणजे टेक, मिळवायची, शेजाऱ्याशी जमवून घ्यायचं नाहीतर लढायचं. एकदा बसलं की रात्र कधी सरते कळत नाही असा प्रकार.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सांगलीत इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर ब्रँच. फ्रीओरायन दोन वर्षं खेळतोय. त्यात स्वतःची एक टेक आणि स्वतःची एक प्रजाती घालायची म्हणून गेमचं फोल्डर उघडलं तर आत नुसत्या टेक्स्ट फाइल्स, शेकड्यानं. एक कंस चुकला की ती टेक गेममध्ये दिसतच नाही आणि का दिसत नाही ते कळत नाही. मग वाटलं यासाठी एक एडिटरच बनवावा, विंडो, टॅब, ड्रॉपडाउन सगळं असलेला, फायनल इयरच्या प्रोजेक्टलापण चालेल. मला पायथन येतं, विंडो बनवायचं क्यूटीही थोडं येतं. मित्र म्हणतो सरळ वेब ॲप कर. सुरुवात कुठून करू आणि सहा महिन्यांत होईल का? — एक वाचक, सांगली

उत्तर : आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. तू मनात जो एडिटर रंगवलायस, सगळ्या प्रकारच्या फाइल्स उघडणारा, तो सहा महिन्यांत होणार नाही, आणि ते तुझ्यात काही कमी आहे म्हणून नाही तर त्या फाइल्सच तशा आहेत म्हणून. पण तेवढ्याच वेळात एक छोटं, रोज वापरलं जाईल असं टूल नक्की होईल आणि मला तुझ्याकडून तेच हवंय.

फाइल्स तशा म्हणजे कशा, ते बघू. गेममध्ये जे जे दिसतं, टेक, इमारती, प्रजाती, जहाजांचे सांगाडे, त्यांचे सुटे भाग, ते जवळपास सगळं मूळ सी प्लस प्लस कोडमध्ये नाही, ते या टेक्स्ट फाइल्समध्ये आहे. त्या लिहायच्या भाषेला फोक्स म्हणतात, फ्रीओरायन कंटेंट स्क्रिप्ट. एखाद्या टेकची फाइल उघडलीस की वरून खाली साधारण असं दिसतं: नाव, वर्णनाची की (म्हणजे खुणेचं नाव, खरा मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये असतो), कॅटेगरी, संशोधनाचा खर्च, किती टर्न लागणार, आधी कुठल्या टेक झालेल्या हव्यात, कुठली गोष्ट अनलॉक होते, मग इफेक्ट्सग्रुप नावाचा मोठा गठ्ठा आणि शेवटी चित्राचा पत्ता. वरचा अर्धा भाग बघून कोणालाही वाटतं की हा तर फॉर्म आहे, डबे करा, भरा, सेव्ह करा, झालं. तुलाही तेच वाटलं असणार, मलाही वाटलं होतं.

आता त्यातली खर्चाची एकच ओळ जवळून बघ. तिथं नुसता आकडा नसतो. आकडा, गुणिलेचं चिन्ह, आणि मग दुहेरी चौकोनी कंसात टेक कॉस्ट मल्टिप्लायर असं एक नाव असतं. ते मॅक्रो आहे, म्हणजे एका जागी ठरवून ठेवलेली किंमत, जिथं हे नाव येईल तिथं ती येऊन बसते. त्याच्यामुळंच सगळ्या टेक एका जागेवरून स्वस्त किंवा महाग करता येतात, मोठा गेम हवा असेल तर तो आकडा वाढवायचा, पटकन संपवायचा असेल तर कमी करायचा. तू जर तुझ्या फॉर्ममध्ये खर्चासाठी वर-खाली बाण असलेला आकड्याचा डबा ठेवलास तर सूत्र जाईल आणि आकडा राहील, आणि ज्या दिवशी कोणी तो मल्टिप्लायर बदलेल त्या दिवशी तुझ्या एडिटरनं सेव्ह केलेली टेक एकटीच वेगळ्या भावात विकली जाईल. वसाहतींचं तर आणखी पुढचं आहे, तुझ्याकडं आधीच जितक्या वसाहती जास्त तितका पुढच्या वसाहतीचा खर्च जास्त, म्हणजे तिथं खर्च हा आकडा नाहीच, तो दर टर्नला नव्यानं मोजला जाणारा हिशोब आहे.

आणि मग तो खालचा इफेक्ट्सग्रुप. त्यात स्कोप असतो म्हणजे परिणाम कोणावर, ॲक्टिव्हेशन असतं म्हणजे कधी, आणि इफेक्ट्स म्हणजे नेमकं काय करायचं. दोन परिणाम एकमेकांवर चढू नयेत म्हणून स्टॅकिंगग्रुप असतो. "माझ्या साम्राज्याच्या मालकीचे, ज्यांचा फोकस संशोधनावर आहे असे सगळे ग्रह" हे तिथं अँड, ऑर, नॉट एकात एक घालून लिहिलेलं असतं, कधी चार-पाच पातळ्या खोल. ड्रॉपडाउननं हे बांधायला गेलास तर वापरणाऱ्याला आठ क्लिक लागतील जे टाइप करून एका ओळीत होतं. फाइल दिसते डेटासारखी पण आतून ती प्रोग्रॅम आहे, हे एकदा डोक्यात बसलं की तुझं निम्मं डिझाइन आपोआप बदलेल.

माझ्यावर बेतलेलं सांगते, कारण तुझे चार महिने वाचावेत असं मनापासून वाटतं. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ओपन सोर्स गेमसाठी मी असाच एडिटर केला होता, नोकरीवरून आल्यावर रात्री बसून. दिसायला छान झाला होता. फाइल वाचायची, तिचं आतमध्ये ऑब्जेक्ट करायचं, फॉर्ममध्ये दाखवायचं, सेव्ह म्हटलं की ऑब्जेक्टवरून फाइल पुन्हा लिहायची. मग एका जहाजाच्या चिलखताचा फक्त एक आकडा बदलून मी बदल पाठवला. तपासणाऱ्या माणसानं डिफ, म्हणजे जुन्या आणि नव्या फाइलमधला फरक, उघडला तर अख्खी फाइल लाल आणि हिरवी. माझ्या टूलनं ओळींचा क्रम बदलला होता, स्पेस बदलल्या होत्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कॉमेंट पुसल्या होत्या. त्यात एक कॉमेंट अशी होती की हा आकडा याच्या वर नेऊ नका, नेला तर सुरुवातीच्या टर्नमध्ये शेजाऱ्याला हरवणं फार सोपं होतं, आम्ही करून पाहिलंय. कोणीतरी कितीतरी रात्री खेळून खेळून ते शिकून लिहून ठेवलं होतं आणि माझ्या सेव्ह बटणानं ते एका क्षणात घालवलं. फाइल्सच्या जुन्या प्रती सांभाळणाऱ्या गिटमुळं ते परत आणता आलं, पण त्या माणसानं अतिशय नम्रपणे लिहिलेलं उत्तर मला अजून आठवतं, की टूल चांगलं आहे पण आम्ही वापरू शकत नाही.

म्हणून तुला सांगायचं आहे ते हेच की तुझं टूल त्या फाइलमध्ये पाहुणं आहे. जे त्याला कळत नाही त्याला त्यानं हात लावायचा नाही. कॉमेंट, रिकाम्या ओळी, कोणाची तरी विचित्र इंडेंटेशन, ओळखीची नसलेली फील्ड, सगळं जसंच्या तसं राहिलं पाहिजे. करायचं कसं, तर फाइल वाचून पूर्ण नवीन लिहायची नाही. वाचताना प्रत्येक तुकडा कितव्या अक्षरापासून कितव्या अक्षरापर्यंत आहे हे टिपून ठेवायचं, आणि बदल करायचा झाला की फक्त तेवढे अक्षर कापून तिथं नवीन घालायचे. बाकी फाइलला स्पर्श नाही. ऐकायला कमीपणाचं वाटतं, पण काम करणारे एडिटर असेच असतात.

याची परीक्षापण सोपी आहे आणि कोड लिहायला घेशील त्या पहिल्या आठवड्यात ती लिही, विंडो काढायच्या आधी. गेममधली प्रत्येक कंटेंट फाइल उघड, काहीही न बदलता सेव्ह कर आणि मूळ फाइलशी ताडून बघ. एका बाइटचा फरक आला तरी नापास. मग दुसरी परीक्षा, प्रत्येक फाइलमधला एकच आकडा बदल, सेव्ह कर, डिफमध्ये एकच ओळ दिसली पाहिजे. या दोन परीक्षा सगळ्या फाइल्सवर पास झाल्या की तुझ्याकडं असं काहीतरी आहे जे मी चार महिन्यांत करू शकले नव्हते.

आता एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे. फोक्सची जुनी पद्धत ही गेमची स्वतःची भाषा होती, तिचा पार्सर, म्हणजे फाइल वाचून तिचा अर्थ लावणारा भाग, सी प्लस प्लसमध्ये बूस्ट स्पिरिट नावाची लायब्ररी वापरून लिहिलेला. गेल्या काही वर्षांत या फाइल्स हळूहळू पायथनच्या रूपात नेण्याचं काम चाललंय. तू पायथनवाला आहेस म्हणजे तुला ते वाचायला बरं. पण इथंच एक खड्डा आहे. पायथनबरोबर येणारं एएसटी मॉड्यूल कोड वाचतं झकास, पण कॉमेंट फेकून देतं, आणि त्यावरून परत कोड लिहिलास की वर सांगितलेला माझाच अपघात तुझ्याकडून होईल. त्याऐवजी लिबसीएसटी नावाची लायब्ररी बघ, ती कॉमेंट आणि स्पेस सगळं सांभाळते, किंवा साधं टोकनाइझ मॉड्यूल घे, तेही पायथनबरोबरच येतं. तुझ्या प्रतीत जुनी आणि नवी अशी दोन्ही रूपं सापडली तर सुरुवातीला एकच धर. दोन्ही एकदम करायला जाऊ नकोस.

तुझी खरी तक्रार काय होती ते परत वाच. विंडो नाही म्हणून तू अडला नव्हतास, कंस चुकला आणि का ते कळलं नाही म्हणून अडला होतास. मग आधी तेच सोडव! गेम चालू होताना लॉगच्या फाइल्स लिहितो, क्लायंटची वेगळी, सर्व्हरची वेगळी, प्रत्येक एआयची, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो त्या खेळाडूची, वेगळी, आणि चुकीची ओळ बहुतेक वेळा तिथं सापडते, फक्त हजार ओळींच्या आत पुरलेली. टेकच्या झाडात गोल फेरा झाला, म्हणजे अ साठी ब हवी आणि ब साठी अ हवी, किंवा नसलेल्या टेकचं नाव आधी हवी म्हणून लिहिलं, तर हे गेम स्वतःच लोड करताना तपासतो. पण तोपर्यंत तू गेम चालू केलेला असतोस, नवीन खेळ मांडलेला असतो, पाच मिनिटं गेलेली असतात. फाइल सेव्ह करताच अर्ध्या सेकंदात हे सांगणारा कमांडलाइनवरचा चेकर हे तुझं पहिलं टूल असू दे.

त्यात काय काय तपासायचं ते सांगते. प्रीरिक्विझिटमधलं, म्हणजे आधी हव्या असलेल्या टेकच्या यादीतलं, प्रत्येक नाव खरंच आहे का, वर्णनाची की स्ट्रिंगटेबलमध्ये, म्हणजे गेममधला सगळा मजकूर असलेल्या फाइलमध्ये, आहे का, चित्राची फाइल त्या पत्त्यावर आहे का, अनलॉक होणारी इमारत कुठं तरी लिहिलेली आहे का. आणि एक जागा अशी आहे जी नवीन माणसाच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे एआय. या गेमचा एआय पायथनमध्ये लिहिलेला आहे आणि त्यानं कुठल्या क्रमानं संशोधन करायचं याच्या याद्या तिथं टेकच्या नावांनी लिहिल्या आहेत. तू एखाद्या टेकचं नाव बदललंस, सगळ्या कंटेंट फाइल्समध्ये बरोबर बदललंस, तरी एआयच्या यादीत जुनंच नाव राहतं. म्हणजे तुझ्या चेकरनं तिथंपण शोधलं पाहिजे. हे एवढं एक जरी केलंस तरी कंटेंट लिहिणारी माणसं तुझे आभार मानतील.

मग विंडो करायचीच असेल, आणि तुझी हौस मी समजू शकते, तर टेक सोडून दे आणि प्रजाती घे. का ते सांगते. या गेममध्ये ग्रहांचे नऊ प्रकार एका चाकावर बसवलेले आहेत: दलदल, विषारी, आगीचा, किरणोत्सर्गी, उजाड, टुंड्रा, वाळवंट, पृथ्वीसारखा, समुद्राचा, आणि समुद्राच्या शेजारी परत दलदल. लघुग्रह आणि गॅस जायंट चाकाच्या बाहेर. प्रत्येक प्रजातीला प्रत्येक प्रकार किती मानवतो हे फाइलमध्ये एकेका ओळीत लिहिलेलं असतं, उत्तम, ठीक, वाईट, घातक, किंवा राहणंच अशक्य. स्लाय नावाची प्रजाती तर फक्त गॅस जायंटवरच राहते. आता ही यादी टेक्स्टमध्ये वाचून डोळ्यासमोर काही उभं राहत नाही, पण तेच नऊ पाकळ्यांचं चाक काढून रंग भरलेस, हिरवा, पिवळा, लाल, तर एका नजरेत कळतं की ही प्रजाती ओल्या बाजूची आहे की कोरड्या बाजूची, आणि दोन प्रजाती शेजारी ठेवल्या की कुठं टक्कर होणार तेही कळतं. पाकळीवर क्लिक केलं की एकच शब्द बदलतो, फाइलमधली एकच ओळ बदलते. इथं चित्र टाइप करण्यापेक्षा खरंच चांगलं काम करतं, म्हणून इथं विंडो हवी. आधी नुसतं दाखवणारं कर, बदलणारं नंतर.

नकाशाच्या एडिटरमागं मात्र लागू नकोस. गेममध्ये मॉडरेटर म्हणून शिरायची सोय आधीपासून आहे, त्यात चालू खेळात तारा टाकता येतो, ग्रह टाकता येतो, दोन ताऱ्यांमधली वाट जोडता येते, मालक बदलता येतो. ते आधी वापरून बघ.

मित्राच्या वेब ॲपबद्दल माझं मत विचारशील तर नको. तुझं टूल दिवसभर एका फोल्डरमधल्या शेकडो फाइल्स वाचणार आणि लिहिणार, ब्राउझर याला मुळात तयार नाही, क्रोममध्ये परवानगी मागून फोल्डर उघडता येतं पण सगळ्या ब्राउझरमध्ये तसं नाही. क्यूटी येतं ना, मग तेच. तिसरा एक रस्ता आहे जो मला सगळ्यात आवडतो, चेकर तयार झाला की तोच लँग्वेज सर्व्हर म्हणून बांधायचा, म्हणजे व्हीएस कोडसारख्या एडिटरमध्ये चुकीच्या नावाखाली लाल रेघ येते आणि अर्धं नाव टाइप केलं की बाकीचं सुचतं. वेगळी विंडो नाही, माणूस जिथं टाइप करतोय तिथंच मदत. पण हे पुढच्या वर्षीचं समज.

कामाची जागा नीट मांड. गेमचं मूळ डेटा फोल्डर तसंच राहू दे, त्याची प्रत काढ, प्रतीत गिट सुरू कर आणि गेमला चालू करताना त्या प्रतीचा पत्ता दे, तशी सोय गेममध्ये आहे. मित्राबरोबर दोन मशीनवर खेळणार असाल तर दोघांकडं कंटेंट तोच हवा हे विसरू नकोस, सर्व्हर आणि क्लायंट दोघंही त्या फाइल्स वाचतात. आणि पहिला महिना कोड लिहूच नकोस. हातानं एक टेक लिही, एक प्रजाती लिही, एक इमारत, अशा दहा-बारा गोष्टी नोटपॅडमध्येच कर. प्रत्येक वेळी कुठं अडलास ते वहीत लिही. त्या वहीतली जी तक्रार सगळ्यात जास्त वेळा येईल ते तुझ्या टूलचं पहिलं काम.

प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत स्क्रीनशॉट दाखवण्यापेक्षा तो एका ओळीचा डिफ दाखव. ज्यानं टीममध्ये काम केलंय तो परीक्षक लगेच ओळखेल.

प्रश्न : मी नाशिकला शाळेत मराठी शिकवते. मुलगा हा गेम खेळतो, त्याच्यामुळं मलाही गोडी लागली. गेम मराठीत करावा असं मनात आहे. मुलानं स्ट्रिंगटेबल नावाची मोठी फाइल उघडून दिली. पण मधेमधे %1% असं काहीतरी येतं ते काय असतं? आणि हे नोटपॅडमध्ये करू की यासाठी काही वेगळं टूल लागतं? — एक वाचक, नाशिक

उत्तर : मॅडम, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला, कारण या कामाला प्रोग्रॅमरपेक्षा तुमच्यासारखं माणूसच हवं असतं.

फाइलची रचना सोपी आहे. पहिल्या ओळीत भाषेचं नाव, मग एका ओळीत की आणि तिच्याखालच्या ओळीत मजकूर. मजकूर एकापेक्षा जास्त ओळींचा असेल तर तो तीन-तीन एकेरी अवतरणचिन्हांत ठेवतात. की ला हात लावायचा नाही, फक्त मजकूर बदलायचा. दुहेरी चौकोनी कंसात काही दिसलं तर ते दुसऱ्या कीकडं बोट दाखवतं, तेही तसंच ठेवायचं.

%1% ही रिकामी जागा आहे, खेळताना तिथं ग्रहाचं, जहाजाचं किंवा साम्राज्याचं नाव येऊन बसतं. त्यांना नंबर दिलेत हे आपल्यासाठी फार चांगलं आहे, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं, क्रम उलटा होतो, तर मराठी वाक्यात तुम्ही %2% आधी आणि %1% नंतर खुशाल लिहा, चालतं. फक्त त्यातला आकडा देवनागरीत लिहू नका, तो आहे तसाच ठेवा, नाहीतर गेम त्याला ओळखणार नाही. बाकी मजकुरात देवनागरी आकडे बिनधास्त वापरा.

आता खरी अडचण, आणि ती तुम्हाला वर्गात रोज शिकवावी लागते, सामान्यरूप. इंग्रजीत नाव कुठंही टाकलं तरी ते बदलत नाही. आपल्याकडं किल्ला पण किल्ल्यावर, तारा पण ताऱ्यावर, घोडा पण घोड्याला. %1% च्या पुढं नुसतं "वर" किंवा "ला" जोडलंत तर खेळताना "ताराला" असं काहीतरी वाचायला मिळेल आणि मराठी माणसाला ते खड्यासारखं लागेल. यावर माझा उपाय असा की प्रत्यय नावाला लावायचाच नाही, पुढं एक सामान्यनाम ठेवायचं आणि त्याला लावायचा. "%1% या ग्रहावर हल्ला झाला", "%1% या साम्राज्यानं तह मोडला", "%1% हे जहाज नष्ट झालं". वाक्य दोन शब्दांनी लांबतं पण कुठलंही नाव आलं तरी बिघडत नाही. लिंगाचं पण तसंच, जहाज म्हटलं की नपुंसकलिंग ठरून जातं, मग क्रियापदाची काळजी नाही.

पण भाषांतराला हात घालायच्या आधी एक छोटी चाचणी मुलाकडून करून घ्या, अगदी पाच मिनिटांची. कुठल्या तरी एका बटणाच्या मजकुरात "किल्ला, क्षेत्र, शक्ती, सूर्य" एवढे शब्द टाका, देवनागरी असलेला फॉन्ट सेटिंगमध्ये निवडा आणि गेम उघडून बघा. "कि"ची वेलांटी क च्या आधी दिसतेय की नंतर? "क्ष" जोडून येतंय की क चा पाय मोडून शेजारी ष? "र्य"चा रफार य च्या डोक्यावर आहे का? फॉन्टमधून एकेका अक्षराचं चित्र काढणं हे एक काम आणि ती अक्षरं आपल्या नियमानं जुळवणं हे दुसरं काम, दुसऱ्याला शेपिंग म्हणतात आणि बरेच प्रोग्रॅम त्यासाठी हार्फबझ नावाची लायब्ररी वापरतात. चाचणीत अक्षरं मोडलेली दिसली तर तुमचं भाषांतर चुकत नाहीय, गेमच्या अक्षर काढणाऱ्या भागात ते काम व्हायला हवं. तसं असेल तर त्याचा स्क्रीनशॉट काढून गिटहब या साइटवर फ्रीओरायनच्या पानावर इश्यू, म्हणजे तक्रार, टाका, सोबत ते शब्द बरोबर कसे दिसायला हवेत त्याचंही चित्र द्या. देवनागरी न वाचणाऱ्या माणसाला दोन्ही चित्रं शेजारी दिसल्याशिवाय काय चुकलंय हे कळू शकत नाही.

नोटपॅडमध्ये करू नका, एवढी मोठी फाइल, मध्येच एक अवतरणचिन्ह चुकून पुसलं गेलं की पुढचं सगळं बिघडतं. सांगलीच्या मुलाला वर जे सांगितलं त्याचीच धाकटी बहीण शोभेल असं टूल इथं हवं: डावीकडं इंग्रजी, उजवीकडं मराठी, आणि सेव्ह करताना दोनच गोष्टी तपासणारं, एक म्हणजे इंग्रजीत जितके %1%, %2% आहेत ते सगळे मराठीत आले का, आणि दुसरं म्हणजे कंस आणि अवतरणं पूर्ण आहेत का. तुमच्या मुलाला थोडं पायथन येत असेल तर दोन सुट्ट्यांत तो हे करेल. सगळी फाइल एकदम करायचं मनावर घेऊ नका, मेन्यू आणि बटणं आधी करा, मग प्रजातींची वर्णनं, ती वाचायलाही गोड आहेत. ज्या कीचं भाषांतर झालं नसेल तिथं गेम इंग्रजी मजकूर दाखवतो, म्हणून अर्धवट फाइलसुद्धा वापरता येते.

प्रश्न : पुण्यात आयटीत आहे. फ्रीओरायनसाठी कंटेंट एडिटर बनवून थोड्या पैशात विकायचा विचार आहे. लायसन्सची अडचण येईल का? गेममधली चित्रं एडिटरमध्ये दाखवली तर? — एक वाचक, पुणे

उत्तर : गेमचा कोड जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे आणि चित्रं, संगीत वगैरे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ॲट्रिब्यूशन शेअरअलाइक ३.० खाली. तुमचा एडिटर पूर्ण स्वतंत्र लिहिलेला असेल, नुसत्या फाइल्स वाचत-लिहीत असेल, तर त्याचं लायसन्स तुम्ही ठरवा. पण गेमचा पार्सर उचलून आत घातलात, आणि तो मोह होणारच कारण तो तयार आहे आणि बरोबर आहे, तर तुमचा एडिटरही जीपीएलखाली येतो. विकायला तेव्हाही बंदी नाही, फक्त ज्याला विकाल त्याला सोर्स कोड द्यावा लागतो आणि तो पुढं कोणालाही फुकट देऊ शकतो. म्हणजे विक्रीचं गणित तिथंच बदलतं.

चित्रांसाठी सगळ्यात सोपं म्हणजे ती तुमच्या एडिटरबरोबर देऊच नका, वापरणाऱ्याच्या मशीनवर गेम असतोच, तिथूनच वाचून दाखवा. बरोबर दिलीत तर श्रेय लिहा, आणि बदल करून दिलीत तर ती बदललेली चित्रं त्याच लायसन्सखाली द्या.

माझं प्रामाणिक मत विचारलंत म्हणून सांगते, हा एडिटर वापरणारी माणसं मोजकी आहेत आणि ती स्वतः फुकट काम करतायत, रात्री जागून, आपापली नोकरी सांभाळून. त्यांच्याकडून पैसे घेण्यापेक्षा कोड उघडा ठेवलात तर तीच माणसं तुमच्या टूलमधले बग दुरुस्त करून पाठवतील, आणि गेमच्या फाइल्सची रचना बदलली की, आणि ती बदलत असते, तुम्ही एकटे धावत बसणार नाही. विकायचंच असेल तर आधी दोन-चार कंटेंट लिहिणाऱ्यांना वापरायला द्या, ते महिनाभरानंतरही वापरत असतील तर किमतीचा विचार करा.